मे महिन्यात टॅटू : अकोल्याच्या उन्हात जखम भरेपर्यंतच्या नोंदी

मी सोलरची फिटिंग करतो, म्हणजे दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर. अशा माणसाने मे महिन्यात हातावर टॅटू काढून घेऊ नये, हे मला तीन जणांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्या वर्षी, २०२४ला, गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मे-जूनमध्ये लग्नतिथी जवळपास नव्हत्याच, सुट्ट्या शिल्लक होत्या, आणि ज्याच्याकडून काढून घ्यायचा होता तो दादा पुण्याहून आठवड्यासाठीच अकोल्यात आला होता. ज्यांना उन्हाळ्यातच काढायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या बहुतेक चुका एकाच जातीच्या होत्या : हाताला मोकळं सोडायचं सोडून मी त्यावर काही ना काही थापत, गुंडाळत राहिलो.

५ मे २०२४, रविवार

डाव्या हाताला, मनगटापासून चार बोटं वर, बाहेरच्या बाजूने कापसाचं फुटलेलं बोंड. लांबी साडेपाच इंच, रुंदी साडेतीन. बोंडाची टरफलं भरीव काळी, कापूस मात्र नुसत्या बारीक रेषा आणि ठिपक्यांचा. बोंडच का, तर वडिलांची कपाशी. एवढं पुरे. बैठक साडेतीन तासांची, पैसे साडेचार हजार.

दादाने वरून पारदर्शक चिकट फिल्म लावली, सेकंड स्किन म्हणतात ती. ‘उद्या ही काढ, हात धू, दुसरी लाव, ती तीन-चार दिवस राहू दे,’ म्हणाला. दुसरा तुकडा अडीचशे रुपयांना दिला. हे सगळं बोलणं एसीच्या खोलीत झालं. बाहेर आलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि गाडीच्या सीटवर बसवत नव्हतं.

घर आठ किलोमीटर. हातावर आईचा सुती दुपट्टा टाकून स्कूटर चालवली. घरी येऊन पाहतो तर फिल्मखाली काळं पाणी डुचमळतंय. पहिल्या दिवशी लस (जखमेतून झिरपणारं पाणी) आणि शाई बाहेर येतेच, ते दादाने सांगितलंच होतं. पण इतकं? त्यात अर्ध्याहून जास्त घाम होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

६ मे, सोमवार

रात्री फिल्मची मनगटाकडची कड सुटली आणि चादरीवर काळा ओघळ. आईने उठल्याबरोबर आधी चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

सकाळी नऊला फिल्म काढली. ती वर उचलून काढायची नसते. पाण्याच्या धारेखाली एक कड धरून चामडीला समांतर ताणत न्यायची, म्हणजे ती आपोआप सुटत येते. हे जमलं. हात धुतला, टिश्यूने टिपला, पंधरा मिनिटं वाळू दिला आणि सांगितल्याप्रमाणे दुसरी फिल्म चढवली.

इथे पहिली चूक. दुपारी एकच्या सुमारास लाइन गेली, कूलर बंद. तीनपर्यंत फिल्मखाली पाण्याची पिशवी तयार. हात हलवला की ती इकडून तिकडे सरकायची. एका कोपऱ्यात दोऱ्याएवढी फट पडली होती. फट पडली की त्या फिल्मचा उपयोग संपला. आता ती बाहेरचा मळ आत घेते आणि आतलं पाणी धरून ठेवते. संध्याकाळी काढून टाकली. खाली फिल्मच्या मापाची लाल चौकट उमटली होती आणि चौकटीच्या कडेने बारीक पुरळ. घामोळ्याच. अडीचशे रुपये साडेनऊ तासांत गेले.

एसीत बसून काम करणाऱ्याला फिल्म चालत असेल. आपल्याकडे ४३ अंशात, कूलरच्या भरवशावर, पहिल्या दिवसापलीकडे तिच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी चूक त्याच रात्री. चादर पुन्हा खराब होईल म्हणून स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा रोल हाताला गुंडाळून झोपलो.

७ मे, मंगळवार

सकाळी प्लास्टिक सोडलं. धुणं धुऊन बोटं होतात तशी हाताची चामडी पांढरी आणि सुरकुतलेली. बोंडाच्या काळ्या टरफलांवर मऊ, ओला पापुद्रा. वासही कोंदट. अर्धा तास हात उघडा ठेवून बसलो तेव्हा जरा माणसात आला.

आता झोपताना हाताला काहीच बांधत नाही. गादीवर वडिलांचं जुनं धोतर दुहेरी घडी करून अंथरलं. खराब झालं तर झालं. सकाळी कापड हाताला चिकटलेलं असलं तर ओढायचं नाही, पाण्याने भिजवून सोडवायचं.

आजची तिसरी चूक अगदी अकोल्याची. दुपारी तीनला हात धुवायला नळ सोडला. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी त्या वेळी चहा टाकावा असं असतं, हे मला, रोज गच्चीवर काम करणाऱ्याला, माहीत नसावं? पहिल्या धारेलाच डोळ्यासमोर तारे. हात लाल झाला आणि थांबलेली लस पुन्हा सुरू झाली.

मग पाण्याचाच नीट विचार केला. आमच्या घरी दोन पाणी. एक बोअरचं; आपला भाग खारपाणपट्ट्याचा, त्या पाण्याने हात धुऊन वाळला की पांढुरकी खार राहते आणि चामडी तडतडते. दुसरं नळाचं, महान गावच्या धरणाचं, तेही रोज येत नाही. म्हणून नळाचं पाणी रात्री उकळून झाकण असलेल्या स्टीलच्या डब्यात गार करायचं आणि दिवसभर त्यातलंच तांब्याने घ्यायचं. धुवायला बिनवासाचा साधा साबण : फेस तळहातावर करायचा, बोटांनी हलकेच फिरवायचा, काथ्या-घासणी काही नाही. पुसायला टॉवेल नाही, टिश्यू. टॉवेलचे धागे अडकतात आणि आमच्या घरातला टॉवेल कोणाकोणाच्या अंगाला लागतो ते विचारू नका.

८ मे, बुधवार

सुटीचा शेवटचा दिवस. हात घट्ट, ताणलेला, वर उन्हात तापल्यासारखी चमक. मला वाटलं कोरडा पडतोय, म्हणून मलम वाढवलं. दिवसातून पाच वेळा, चांगला थर.

चौथी चूक. उन्हाळ्यात जाड मलमाखाली घाम कोंडतो. संध्याकाळपर्यंत रेषांच्या मधल्या, न गोंदलेल्या जागेत बारीक पांढऱ्या पुळ्या उठल्या. त्यात भर कूलरची. कालच त्याला नव्या ताट्या बसवल्या होत्या, लाकडाच्या भुशाच्या. नव्या ताट्या पहिले दोन-तीन दिवस कुसळं सोडतात. मी कूलरसमोर हात धरून झोपलेलो. उठून बघतो तर मलमावर पिवळसर बारीक काड्या चिकटलेल्या, बोंडाला खरोखरच कापूस फुटल्यासारख्या. चिमट्याने एकेक काढायला पाऊण तास गेला. दोन काड्या मऊ पापुद्र्यात रुतल्या होत्या, त्यांना साबणाच्या पाण्याने फुगवून सैल केलं.

तेव्हापासूनचं माप : एवढ्या टॅटूला हरभऱ्याच्या डाळीएवढं मलम, दिवसातून दोनदा, तेही हात धुऊन पूर्ण वाळल्यावर. लावल्यावर चामडी तुकतुकीत दिसली तर ठीक. बोट फिरवल्यावर बोटाला मलम लागलं तर जास्त झालं, टिश्यूने टिपून घ्या. कूलर पाठीकडे, हात त्याच्या थेट झोतात नको.

९ मे, गुरुवार

कामावर. पीएम सूर्यघर योजनेचे अर्ज फेब्रुवारीपासून वाढलेत, मालकाला एकही माणूस कमी चालत नाही. तीन किलोवॅटचं काम, दुमजली घर, गच्चीवर सावली फक्त टाकीची. मी लांब बाह्यांचा शर्ट घालून गेलो, पण तो नेहमीचा, टेरिकॉटचा. अकराच्या आत बाही हातावर ओली चिकटून बसली. घामाचं मीठ कच्च्या चामडीत शिरलं की कसं झोंबतं ते लिहिण्यासारखं नाही.

दुपारी जेवायला बसताना बाही एका झटक्यात वर सरकवली. टरफलाच्या टोकावरची खपली बाहीसोबत गेली. ज्वारीच्या दाण्याएवढी जागा, पण रक्त आलं. ही जागा पुढे शेवटपर्यंत त्रास देणार होती.

सोबतचा मिस्त्री पाहून म्हणाला, ‘भाऊ, गाय डागतात तसं काऊन डागून घेतलं बे?’

संध्याकाळी दोन सैल सुती शर्ट घेतले, पांढरे, ७६०ला दोन.

१० मे, शुक्रवार, अक्षय तृतीया

सुटी. पुरणपोळी, आमरस, आणि पापुद्रे सुटायला सुरुवात. बारीक रेषांवरचे पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे पातळ. भरीव काळ्या भागावरचे जाड, काळेकुट्ट. टिश्यूवर काळे तुकडे पाहून पोटात गोळा आला, वाटलं साडेचार हजार धुतले गेले. दादाला फोटो पाठवला. ‘जाते ती वरची शाई, खालची कुठे जात नाही, तू फक्त नख लावू नको,’ असं उत्तर आलं.

आईचा आग्रह हळदीचा. नाही लावली. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद म्हणजे रोज चमचा जाणारी पूड, उघड्या चामडीवर कशाला? आजीच्या हाताला गोंदण आहे, हिरवट पडलेलं, ठिपके पसरून एकमेकांत मिसळलेले. तिने माझा हात ओढून उजेडात धरला. ‘काऊन रे बापा, भर उन्हायात? आमच्या टायमाले गोंदणारीन हयद चोपडून जाये, बस. आम्ही बी काही मेलो नाई.’ मग जरा थांबून, ‘पन दुसऱ्या दिवशी आम्हाले कोनी गच्चीवर नोयतं धाडलं.’

१२-१३ मे

शनिवारी कामावर गेलो होतो. रविवारी सकाळी टॅटूच्या सगळ्या बाजूंनी बोटभर रुंद लाली, पुरळ, खाज. भीती वाटली. औषधाच्या दुकानात हात दाखवला. दुकानदाराने न विचारता एक ट्यूब दिली, ९५ रुपये. ‘दोन दिवसांत साफ.’ घरी येऊन तिच्यावरचा बारीक मजकूर वाचला : स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, सगळं एकात. नशिबाने लावली नाही.

सोमवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे. फी ४००. मॅडमनी भिंग लावून दोन मिनिटं पाहिलं. जंतूंची लागण नाही म्हणाल्या. घामोळ्या आणि मलमाने बुजलेली छिद्रं. ट्यूब दाखवली तर चिडल्या. स्टिरॉइडने लाली दबते, त्यामुळे खरोखर लागण असली तरी कळत नाही, आणि कच्ची जखम भरायला वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मग लागण झाल्याचं ओळखायचं कसं? त्यांनी सांगितलं ते तसंच लिहितो : तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, ठणका लागला, लाली रोज पुढे सरकली, पिवळा पू आला, ताप आला किंवा हातावर वर चढणारी लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवायची, दुसऱ्या दिवशी ती ओलांडली का ते पाहायचं. ही युक्ती मला फार आवडली. माझी लाली रेघेच्या आतच राहिली.

औषध म्हणून कॅलामाइन दिलं, तेही फक्त भोवतीच्या घामोळ्यांवर, टॅटूवर नाही. मलम दिवसा बंद, रात्री एकदाच. आणि तीन दिवस गच्ची बंद. मालकाने बिनपगारी दिली, दिवसाचे ८००.

१४ ते १६ मे

काहीच केलं नाही, आणि सगळ्यात जास्त फरक याच तीन दिवसांत पडला. धुवायचं, टिपायचं, उघडा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पुळ्या बसल्या.

खाज मात्र या दिवसांत जीव घेते. रात्री दोनला उठून बसायचो. नखाऐवजी तळहाताने थापटलं की पाच मिनिटं बरं वाटतं. माठाच्या पाण्यात सुती फडकं पिळून शेजारच्या चांगल्या चामडीवर ठेवलं की आणखी बरं. बर्फ थेट लावून पाहिला, नको. आधी बधिर, मग दुप्पट खाज. गच्चीवर झोपायची आमची सवय, पण धूळ आणि डासांपायी हे पंधरा दिवस खालीच, मच्छरदाणीत. डास पळवायचं मलम त्या हाताला लावायचं नाही, हे लिहायला नको, पण माझ्या भावाने लावून द्यायची तयारी दाखवली होती म्हणून लिहिलं.

१७ ते २१ मे

पुन्हा काम, पण वेळ बदलून मागितली : सकाळी सहा ते अकरा, मग संध्याकाळी पाचनंतर. सैल सुती बाही, मनगटाला बटण न लावता. सोबत उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली आणि टिश्यू. घाम आला की हात पुसायचा नाही, पुसल्याने मीठ आणि धूळ रगडली जाते. वरून पाणी ओतायचं, टिपायचं. सकाळच्या पाळीत दोनदा.

१८ला पॅनेल उचलताना अॅल्युमिनियमची फ्रेम नेमकी त्याच ज्वारीच्या दाण्यावर घासली. खपली दुसऱ्यांदा गेली. त्यानंतर पॅनेल उचलायची बाजूच बदलली, डावा हात आतून.

२१पर्यंत बाकी सगळे पापुद्रे गेले. खालून जे दिसलं ते पाहून मन खट्टू झालं. काळा रंग राखाडी, वर दुधाची साय धरल्यासारखी झाक. नवी चामडी अजून पातळ आणि ढगाळ असते, ती निवळायला आणखी काही आठवडे जातात. हे आधी ठाऊक असतं तर दादाला रात्री अकराला फोन केला नसता.

२५ मे, शनिवार

नवतपा सुरू, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. काल पारा ४५च्या वर गेला, आणि उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत १४४ कलम लावलं. शिकवण्या भर दुपारी बंद, कामगारांना पाणी-पंख्याची सोय करायचे आदेश. मालक कधी नव्हे तो स्वतःहून म्हणाला, दुपारी कोणी गच्चीवर चढू नका. माझ्या हाताची काळजी सरकारने घेतली म्हणायचं.

आज विसावा दिवस. सगळीकडे चामडी बंद, फक्त तो दाणा सोडून. मलम थांबवलं. रात्री खोबरेल तेलाचा एक थेंब, पसरून.

२ जून, रविवार

चार आठवडे. डोळे मिटून बोट फिरवलं तर टॅटू कुठे सुरू होतो ते कळत नाही; हीच माझी कसोटी होती. आजपासून सनस्क्रीन, एसपीएफ ५०, बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं आणि घामाने गेलं की पुन्हा. याआधी लावलं नव्हतं, कच्च्या जागेवर फक्त कापडाची सावली. खरं तर गच्चीवर अजूनही बाहीच बरी. सनस्क्रीन घामासोबत दहाच्या आत कोपरापर्यंत वाहून येतं.

हिशोब केला. जास्तीची फिल्म २५०, साबण ११०, मलम १९०, टिश्यू १५०, डॉक्टर ४००, कॅलामाइन १२०, न वापरलेली ट्यूब ९५, शर्ट ७६०, सनस्क्रीन ४५०. एकूण २,५२५. बिनपगारी तीन दिवसांचे २,४००. म्हणजे ४,९२५, टॅटूपेक्षा सव्वाचारशे जास्त. यातली फिल्म, ट्यूब आणि बिनपगारी दिवस टाळता आले असते.

दाण्याची जागा भरली, पण तिथली शाई गेली. काळ्या टरफलाच्या टोकाला चामडीच्या रंगाचा ठिपका राहिलाय. दादा म्हणतो, टचअप फुकट, पण आत्ता नाही, दिवाळीनंतर ये. थंडीत.

१४ जून, शुक्रवार

जागतिक रक्तदाता दिन. आमच्या चौकात दरवर्षी शिबिर असतं आणि मी दरवर्षी जातो, हे अकरावं वर्ष. अर्ज भरला, वजन झालं, रक्तदाब झाला. मग तपासणाऱ्या डॉक्टरांची नजर हातावर गेली.

‘कधी काढला?’

‘पाच मे.’

त्यांनी अर्जावर आडवी रेघ मारली. टॅटू काढल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही. सुईतून आलेला संसर्ग लगेच तपासणीत सापडेलच असं नाही, म्हणून हा नियम. मला एवढ्या दिवसांत हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तुम्ही रक्तदान करत असाल तर आधी शिबिर करा, मग टॅटू.

शिबिराचा चहा आणि बिस्किटं मात्र मिळाली. दिवाळीनंतर टचअप केला तर बारा महिने पुन्हा तिथून मोजायचे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ‘सुई लागली की मोजणी नव्याने,’ ते म्हणाले.

ठिपका राहू देतोय.